काच बोलत नाही

"कसे आहात?" असं विचारलं की आमचे भाऊजी "उभा आहे" म्हणतात. ही त्यांची जुनी सवय. मांडीचं हाड मोडून पलंगावर आडवे पडले, तेव्हाही भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी हेच सांगितलं. आलेला माणूस आधी पलंगाकडे बघायचा, मग माझ्याकडे, आणि मग हवापाण्याचं बोलू लागायचा. मी मनात म्हणायचे, बोला, तुम्हीच काहीतरी बोला. आमच्या घरात कोण कशाला काय म्हणतं ते आम्हालाच कळेनासं झालंय.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. खाली काचेचं दुकान, वर घर, आणि दुकानाच्या मागून वर जाणारा एक उभा जिना. मी ताईची धाकटी बहीण. लग्नाच्या भानगडीत पडले नाही, पोस्टात काउंटरवर बसते, आणि राहते इथेच, मागच्या खोलीत. माझ्या नाकावर राग असतो असं लोक म्हणतात. म्हणेनात का. माझ्या खिडकीपुढच्या रांगेत माणसं पत्ता आधीच नीट लिहून तयार ठेवतात, एवढा तरी त्या रागाचा उपयोग आहे.

काच ही एकट्यानं उचलायची वस्तू नाही. लहानसं तावदान बगलेत मारून नेता येतं, पण आरसे, दुकानांच्या दर्शनी काचा, मोठ्या खिडक्या यांना दोन माणसं लागतातच. ताईचं लग्न झालं त्याच वर्षी दुकानातला गडी पळाला, दुसरा मिळेना, म्हणून एक दिवस तिनं काचेचं दुसरं टोक धरलं, ते धरलंच. ती पुढे, भाऊजी मागे. मागच्याला सगळी काच दिसते आणि पुढची वाटही दिसते, म्हणून बोलायचं फक्त मागच्यानं. "डावीकडे." "पायरी." "थांब." पुढच्यानं उत्तर द्यायचं नाही, का म्हणून विचारायचं नाही, मान वळवून बघायचं तर मुळीच नाही. दोघं बोलायला लागले की काच गेलीच म्हणून समजा. एरवी माझी ताई नवऱ्याचं एक वाक्य पुरं होऊ देत नाही, पण काच हातात आली की तोंडाला कुलूप.

या सगळ्यात एक शब्द फार मोलाचा. "सोड." काच निसटतेय असं वाटलं की मागचा "सोड" म्हणणार आणि त्याच क्षणी दोघांनी हात काढून घेऊन मागे उडी मारायची. निसटणारी काच पकडायला जाणारा माणूस बोटं गमावून बसतो. तिथे विचार करायचा नाही, काच कुणाची, केवढी, काही नाही. भाऊजींनी ताईला हे शिकवलं ते पुठ्ठ्याचे मोठे तक्ते हातात देऊन. चालता चालता मध्येच ओरडायचे. तिच्या कानांनी ऐकायच्या आधी तिचे हात उघडले पाहिजेत, असा त्यांचा हट्ट होता. पुढे खरोखरीच्या काचा फुटल्या, तेव्हा ताई दोन्ही हात वर करून मागे उभी असायची, आणि भाऊजी तिच्याकडे बघून म्हणायचे, "बरोबर केलंस." मग स्वतः झाडू घेऊन काचा भरायचे. ताईच्या हातांवर आजही एक व्रण नाही. मला या गोष्टीचं कौतुक होतं. होतं, असं म्हणते आहे मी.

आयुष्यभर काचांशी खेळलेला हा माणूस पडला कुठे, तर समोरच्या न्हाव्याच्या दुकानात, साबणाच्या पाण्यावरून. केस अर्धे कापून झाले होते. त्या अर्ध्या डोक्यानंच ते दवाखान्यात दाखल झाले आणि तसेच घरी आले. मांडीत सळई घातलेली, पाय कडक, आणि शेजारची माणसं त्यांना खुर्चीत बसवून जिन्यानं वर आणत होती. खुर्चीतूनही यांच्या सूचना चालूच. "डावीकडे. थांब. पायरी." एक शेजारी थांबला, दुसरा डावीकडे गेला, तिसरा पायरी शोधत राहिला. खुर्ची जिन्यात आडवी अडकली. ताई खालून ओरडली, "अहो, तुम्ही गप्प बसा ना!" आणि ते ऐकून बिचारे शेजारीच गप्प उभे राहिले.

मग आमच्या घरी सुरू झाला तो नुसता गोंधळ. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दुखऱ्या पायावर पूर्ण भार टाकायचा नाही, पण अजिबात टाकला नाही असंही करू नका. म्हणजे किती टाकायचा? भाऊजी म्हणाले, "काय ते माप सांगा. मापाशिवाय मी कधी काम केलं नाही." डॉक्टर हसले आणि निघून गेले. व्यायाम शिकवायला एक मुलगी आली. तिनं सांगितलं की जिना चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा पाय आधी. तिच्यासमोर आम्ही तिघांनीही माना डोलावल्या. संध्याकाळपर्यंत तिघांकडे तीन निरनिराळे नियम तयार होते, आणि प्रत्येकाला आपलाच खरा वाटत होता. मी भाऊजींच्या सोयीसाठी घरातल्या सगळ्या वस्तू त्यांच्या हाताशी आणून ठेवल्या. परिणाम एवढाच की कुणालाच काही सापडेना. चष्मा पांघरुणात, औषधं उशीखाली, टीव्हीचा रिमोट टॉवेलच्या घडीत. मदत करायला मला फार आवडतं. फक्त ती नीट व्हायला हवी होती.

बाथरूम व्हरांड्याच्या टोकाला. वॉकर धरून तिथवर जायचं आणि परत यायचं, एवढाच दिवसाचा प्रवास. ताई त्यांचा दंड धरून बाजूला. आता इथे कोण पुढचा आणि कोण मागचा? दोघंही बोलायला लागले. ते म्हणणार "थांब", ती म्हणणार "चला". ते म्हणणार "डावीकडे", ती म्हणणार "माझी डावी की तुमची?" वॉकर बिचारा मध्येच फिरत राहायचा. एकदा तर दोघं वळून परत पलंगापाशी आले, आणि बाथरूमला जायचं राहूनच गेलं हे बसल्यावर लक्षात आलं.

तेव्हा ताईनं कमरेवर हात ठेवून सांगितलं, "हे बघा, आता वाट मला दिसते, तोल माझ्या हातात. तेव्हा बोलणार मी. तुम्ही आता काच आहात. आणि काच बोलत नाही."

भाऊजी हसले. मीही हसले. ते म्हणाले, "बरं बाई, झालो काच." आणि दोन-चार दिवस खरंच चांगले गेले. ताई "पाय" म्हणायची, ते पाय टाकायचे. "उंबरा" म्हणायची, ते वॉकर उचलायचे. मला वाटलं, चला, लागली घडी.

मग ते झालं. सकाळची वेळ, मी पोस्टात जायला चप्पल घालत होते. बाथरूमच्या उंबऱ्याला वॉकरचा पाय अडकला, भाऊजींचा तोल गेला, आणि त्यांच्या तोंडून निघालं, "सोड!"

ताईनं सोडलं.

मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता. तिचे दोन्ही हात उघडले, ती मागे उडी मारून भिंतीला टेकली, हात खांद्याच्या वर, बोटं पसरलेली. भाऊजी कपड्यांच्या टोपलीवर पडले आणि तिथून फरशीवर. टोपली चेपली म्हणून पाय वाचला. वॉकर त्यांच्या अंगावर. मग त्यांनी फरशीवरून मान उचलली, ताईकडे बघितलं, आणि म्हणाले, "बरोबर केलंस."

सवयच ती. शब्द बाहेर पडला आणि त्यांचा त्यांनाच कळला. त्यांचा चेहरा असा झाला की मला बघवेना. आम्ही दोघींनी त्यांना उचललं, म्हणजे मी उचललं. ताईनं टोपली बाजूला केली. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून नुसती उभी राहिली.

मी त्या दिवशी पोस्टात तीन माणसांना उगाच झापलं. माझा राग नक्की कुणावर होता तेच मला ठरवता येईना. पडताना माणूस "धर" म्हणेल, "मेलो" म्हणेल, हे "सोड" काय म्हणतात? आणि त्यांनी म्हटलं म्हणून हिनं सोडावं? नवरा काय आरसा आहे? पण मग हेही मनात यायचं की तिनं मुद्दाम थोडंच केलं. ज्या शिकवणीनं तिची बोटं शाबूत राहिली, त्या शिकवणीनंच हे केलं. दोघांचंही चुकलेलं नाही आणि माणूस मात्र फरशीवर. अशा हिशेबात मला गती नाही.

पायाचा फोटो काढून डॉक्टर म्हणाले, सळई जागेवर आहे, नशीब समजा. पण त्यांनी दुसरंही सांगितलं, आणि ते आमच्या तिघांसमोर सांगितलं. या वयात असा पाय घाबरून पलंगावर ठेवला की तो तसाच राहतो. चालायला हवं, जिना उतरायला आणि चढायला हवा, आणि तेही आताच. नाहीतर वरच्या मजल्यावरच आयुष्य काढायची तयारी ठेवा. भाऊजींनी खिडकीकडे तोंड फिरवलं. खाली दुकान बंद होतं. दुकानाशिवाय भाऊजी म्हणजे काय, ते मला कधी कळलेलं नाही, आणि त्यांनाही कळलेलं नसावं.

त्या दिवसापासून ताईनं त्यांना हात लावला नाही. जेवण आणून द्यायची, कपडे काढून ठेवायची, पाणी गरम करायची, सगळं करायची. पण ते उभे राहिले की ती दोन पावलं मागे सरायची आणि हात दुकानातल्या एप्रनच्या खिशात घालायची. मी म्हटलं, "अगं, धर की त्यांना." ती म्हणाली, "माझ्या हातांवर माझा भरवसा नाही. तू धर." आणि मी धरायला गेले तर भाऊजी म्हणाले, "तू नको, तू दुखवतेस." दुखवते म्हणे. मी टपालाच्या गोण्या उचलणारी बाई आहे, माझी पकड जरा घट्ट असायचीच.

शेवटी मी एक माणूस आणला. दवाखान्यातल्या लोकांनीच नाव सुचवलं होतं. सगळे त्याला पैलवान म्हणत, आणि अंगानं पाहावं तर वाऱ्यानं उडेल असा. पण कामात हुशार. त्यानं भाऊजींच्या कमरेला एक रुंद कापडी पट्टा बांधला, मागून त्या पट्ट्याला धरलं आणि म्हणाला, "चला काका, मी आहे." आणि आमचे भाऊजी निघाले की हो! ना वाद, ना सूचना. तो म्हणेल तसं बसायचे, म्हणेल तसं वळायचे. वर त्याला "आभारी आहे बाबा" म्हणायचे. ज्या माणसानं जन्मात बायकोकडे पाण्याचा पेला मागताना "दे" याच्या पलीकडे शब्द वापरला नाही, तो परक्या माणसाचे आभार मानत होता. मला याचा उलगडा होईना. परक्याच्या हातात माणूस इतका सहज कसा जातो, आणि घरच्या हाताला एवढा का बिचकतो? ताईला विचारलं तर म्हणाली, "बरे होतायत ना? झालं तर मग." पण तिचं तोंड पडलेलं होतं.

पैलवानानं त्यांना वॉकरवरून काठीवर आणलं, व्हरांडा पार करवला, जिनाही दाखवला. मग एक दिवस म्हणाला, "आता माझं काम नाही. घरातलं माणूस पुरे." पट्टा त्यानं ताईच्या हातात दिला आणि समजावलं. चढताना काकांच्या मागे एक पायरी खाली उभं राहायचं, उतरताना पुढे. पट्टा सैल धरायचा नाही. ताईनं सगळं ऐकून घेतलं आणि पट्टा खुंटीला अडकवला. तो तिथेच राहिला.

"आज उतरून बघायचं का?" मी विचारायचे.

"घाई काय आहे?" भाऊजी म्हणायचे.

"हो, घाई काय आहे?" ताईही म्हणायची. आयुष्यात पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं, तेही नको तिथे.

दुपारी ताई मोजपट्टी घेऊन बाहेर पडायची. कुणाच्या खिडकीचं माप, कुणाच्या आरशाचं. दुकान बंद असलं तरी जुनी गिऱ्हाइकं सोडायची नाहीत, असं ती सांगायची. भाऊजी वर एकटे. मला काळजी वाटायची, पण पोस्ट काही माझ्या बापाचं नव्हतं. मग एकदा पोस्टात वीज गेली, यंत्रं बंद पडली, आणि मी भर दुपारी घरी आले. दुकानाच्या काचेच्या दारावर "बंद" अशी पाटी. मी किल्लीनं दार उघडलं, तर आत टेबलाशी, उंच स्टुलावर, भाऊजी. समोर काच, हातात काच कापायचा हिरा, ओठ घट्ट मिटलेले. हिरा काचेवरून कुरकुरत गेला, त्यांनी हलकेच दाबलं, आणि काच सरळ रेषेत दुभंगली. मला बघून त्यांनी हिरा खाली ठेवला, चोरी पकडली गेल्यासारखा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे तुम्हाला जिना येतो!"

"हळू बोल."

"का हळू बोलू? रोज येता खाली?"

"येतो." मग म्हणाले, "तिला सांगू नकोस."

"वा! ती तिकडे रात्रंदिवस झुरतेय, तुम्ही जन्मभर वरच राहणार म्हणून. आणि तुम्ही इथे बसून आरामात काचा कापताय! नाटकं करता होय? चला, चढा वर माझ्यासमोर. बघू तरी कसं चढता ते."

"तू हो पुढे. मी येतो मागून."

"मुळीच नाही. तुम्ही पुढे."

त्यांनी काठी हातात घेतली. मग स्टुलावरून उतरले, काठी टेकत जिन्यापाशी गेले, काठी माझ्या हातात दिली, आणि माझ्याकडे तोंड करून खालच्या पायरीवर बसले. दुखरा पाय समोर सरळ पसरला. दोन्ही हातांचे तळवे मागच्या पायरीवर टेकले, चांगल्या पायानं रेटा दिला, आणि ढुंगण उचलून वरच्या पायरीवर ठेवलं. मग पुढची पायरी. रांगणारी पोरं जिना चढायला शिकतात ना, तसे. चेहरा लाल झाला होता, आणि तो श्रमानं की कशानं ते मला सांगता येणार नाही.

"हे असं," ते म्हणाले. "पाहिलंस? झालं समाधान?"

माझ्या हातात त्यांची काठी होती आणि ती कुठे ठेवावी हेही कळत नव्हतं. माझा राग कुठे गेला कोण जाणे, त्याच्या जागी मला एकदम रडायला यायला लागलं.

मागे दार वाजलं. ताई. हातात मोजपट्टी, कानावर सुताराची चपटी पेन्सिल. भाऊजी जिन्यावर पाय पसरून बसलेले. मला वाटलं, आता ती किंचाळणार. ती शांतपणे म्हणाली, "या घरात तुमच्या विजारी कोण धुतं?"

भाऊजींनी विजार सावरली.

"मागून सगळ्या झिजल्यात. मला काय दिसत नाही?"

"तुला माहीत होतं?" हे मी विचारलं, त्यांनी नाही.

"मापं काय रोज असतात?" ताई म्हणाली. "मी समोर न्हाव्याच्या बाकावर बसते. काचेतून हे टेबलाशी आलेले दिसले की माझ्या जिवात जीव येतो. परत वर जाईपर्यंत बसून राहते. आज तू कमरेवर हात ठेवून उभी दिसलीस, म्हणून आले."

म्हणजे या घरात मी सोडून सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, न्हाव्यासकट. आणि तरी कुणी कुणाशी बोललेलं नव्हतं. माझं डोकं भणभणायला लागलं. मी म्हटलं, "मग तू धरत का नाहीस त्यांना? आणि तुम्ही का नाही सांगत तिला धर म्हणून? तो पैलवान चालतो, ही चालत नाही?"

भाऊजी पायरीकडे बघत बोलले. "पैलवानाला मी सोड म्हटलं असतं, तरी त्यानं सोडलं नसतं. हिला म्हटलं की ही सोडते. मीच शिकवलंय." त्यांनी दुखऱ्या मांडीवर हात ठेवला. "तोल गेला की माझ्या तोंडून तेच निघतं. माझी जीभ माझ्या ताब्यात नाही गं. मी पडेन त्याचं काही नाही. पण परत एकदा हिच्या हातून पडलो, तर ही जन्मभर हात खिशात घालून फिरेल. त्यापेक्षा ढुंगण घासलेलं बरं."

मोजपट्टीसकट ताईचे हात तेव्हाही एप्रनच्या खिशातच होते. ती म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला माझी भीती वाटते."

"मला माझ्या तोंडाची भीती वाटते."

"आणि मला माझ्या हातांची," ताई म्हणाली आणि रडायला लागली. भाऊजींच्याही डोळ्यांत पाणी. एक वर, एक खाली, आणि मध्ये मी काठी घेऊन. एवढ्याशा गोष्टीसाठी या दोघांनी घराचं पार स्मशान केलं होतं, आणि मी कडेला उभी राहून दोघांनाही मनातल्या मनात शिव्या देत होते.

"मग तोंडात बोळा कोंबा!" मी ओरडले. खरं सांगते, चिडूनच ओरडले. सल्ला वगैरे नव्हता तो.

पण भाऊजींनी मान वर केली. ताईकडे बघितलं. ताईनं माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. तिनं डोळे पुसले, कानावरची पेन्सिल काढली, एप्रनला स्वच्छ पुसली आणि पुढे केली. भाऊजींनी ती आडवी दातांत धरली. पट्टा वर खुंटीला होता. मी धावत जाऊन आणला. ताईनं तो त्यांच्या कमरेला बांधला. बक्कल लागेना. मी लावायला गेले तर तिनं माझा हात बाजूला केला.

त्यांना उभं करून जिन्याकडे वळवलं तेही तिनंच. काठी त्यांच्या एका हातात, दुसरा हात कठड्यावर. ती मागे एक पायरी खाली, पट्ट्यात दोन्ही मुठी. मी सगळ्यांत खाली. कशासाठी ते मलाही ठाऊक नाही, ते कोसळले असते तर तिघंही सोबतच गेलो असतो. एक पायरी झाली. दुसरी झाली. नेहमी बोलणारा गप्प, आणि आता जिनं बोलायचं तिला आवाज फुटत नव्हता. पुढच्या पायरीला त्यांनी पाय उचलला तो नेमका दुखरा. मला दिसलं, ताईलाही दिसलं असणार, पण चढताना कुठला आधी ते आम्हाला दोघींनाही त्या घटकेला आठवेना. पाय वर टेकला, भार आला, आणि गुडघा वाकला.

काठी निसटून खडखडत माझ्या पायाशी आली. भाऊजी मागे झुकले. दातांतल्या पेन्सिलीच्या आडून एक घुसमटलेला आवाज निघाला, शब्दच होता तो, पण कुठला ते ओळखू येईना. मी डोळे मिटून घेतले.

काहीच पडलं नाही. डोळे उघडले तर ताई पाय रोवून उभी होती, मान खाली, कपाळ त्यांच्या पाठीला टेकवलेलं, आणि पट्ट्यात तिच्या मुठी पांढऱ्या पडलेल्या. दोघांचेही श्वास मला खाली ऐकू येत होते. पेन्सिलीच्या आडून ते पुन्हा काहीतरी म्हणाले.

"काय म्हणालात ते कळलं नाही," ताई त्यांच्या पाठीशीच बोलली. "पण मी धरलंय."

भाऊजींनी मान हलवली. पेन्सिल त्यांनी काढली नाही. कठड्यावर आवळलेली बोटं त्यांनी हळूहळू सैल केली, आणि अंगाचा सगळा भार तिच्यावर सोपवून ते तसेच उभे राहिले.